दार उघडं ठेवून

"एक विचारू का? पण रागवायचं नाही हं."

मे २०२० मधली गोष्ट. आमच्या मालेगावचं नाव तेव्हा रोज टीव्हीवर, करोनाच्या आकड्यांसकट. रस्त्यारस्त्यावर बांबू आणि पत्रे लागलेले. लूमची खटखट बंद पडली म्हणून झोप येत नाही, अशी तक्रार करणारी माणसं मी त्या दिवसांत पहिल्यांदा पाहिली. शेजारच्या मावशींकडे काका आणि मुलगा दोघंही पॉझिटिव्ह निघाले, दवाखान्यात गेले. मावशी घरात एकट्या. दारावर स्टिकर. कामवाली बंद, दूधवाला कोपऱ्यावरूनच परत जायचा. मी रोज दोन वेळा त्यांच्या फाटकावर डबा ठेवायची, चार पावलं मागे सरकायची आणि हाक मारायची. मग त्या दारात, मी रस्त्यावर, अशा आमच्या गप्पा.

त्या दिवशी डब्यात खिचडी आणि कढी होती. डबा उचलता उचलता मावशींनी विचारलं, "तू आमच्यासाठी एवढं करतेस, ते आम्ही तुमच्यात यावं म्हणून तर नाही ना गं?"

"काहीतरीच काय मावशी!" म्हणून मी हसले आणि घरी आले. घरी आल्यावर मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. वीस-बावीस वर्षांचा शेजार. यांच्या संक्रांतीच्या वाणाच्या वाट्या अजून माझ्या मांडणीत आहेत, माझ्या नाताळच्या करंज्यांचं सारण चाखायला यांनाच बोलावते, आणि हे विचारतात? आम्ही ख्रिस्ती माणसांनी कुणाला साधं पाणी दिलं तरी त्यात काही कालवलंय का, असं लोकांनी बघायचं, हे कुठवर चालायचं?

आग शांत झाल्यावर मात्र झोप लागेना. कारण मावशींचा प्रश्न अगदीच खोटा नव्हता, हे माझं मला माहीत होतं.

१९९८ च्या उन्हाळ्यात मी एका शिबिराला गेले होते. लग्नाला थोडीच वर्षं झालेली, अंगात उत्साह. विषय होता 'वैयक्तिक सुवार्ताप्रसार'. म्हणजे सभा, लाउडस्पीकर, पत्रकं यांच्या नादी न लागता प्रत्येकानं आपल्या रोजच्या ओळखीतल्या माणसांना येशूबद्दल कसं सांगायचं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकेक कागद दिला. त्यावर पाच ओळी. ओळखीतली पाच नावं लिहा. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करा, मैत्री वाढवा, संधी शोधा, साक्ष द्या. पुढे एक रकाना होता, 'प्रगती' असा. त्या कागदावर तिसऱ्या क्रमांकावर मी मावशींचं नाव लिहिलं होतं. तो कागद इतकी वर्षं माझ्या बायबलात, स्तोत्रांच्या पानांत दुमडून पडलेला होता. रात्री दीड वाजता उठून मी तो काढून बघितला.

रकाना कोराच होता, हे खरं. कागद लिहिला आणि विसरून गेले, हेही खरं. पण मैत्री ही कुठेतरी पोचायची पायरी असते, असं कुणी मला शिकवलं आणि त्या दिवशी ते मला खटकलं नाही, हेही तितकंच खरं. आज ते फार खटकतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेकींना 'सुवार्ता' हा शब्द ऐकूनच जरा सावरून बसावंसं वाटेल. म्हणून आधी आमची बाजू सांगते. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. येशूनं आपल्या शिष्यांना ती सगळ्यांना सांगायला सांगितलं, आणि हा आमच्या धर्माचा जोडीला लावलेला भाग नाही, गाभ्यातला आहे. ते साधं असतं. तुमच्या गुडघ्याला एखाद्या वैद्याच्या औषधानं गुण आला, तर तुम्ही बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही त्याचा पत्ता देताच की नाही? न देणं हाच कद्रूपणा वाटतो. माझे यजमान गेले त्या वर्षी मला ज्याच्यावर विसंबून दिवस काढता आले, त्याचं नाव कुणाला सांगूच नको म्हटलं तर माझ्या आयुष्यातला अर्धा भाग झाकूनच ठेवावा लागेल. पण पत्ता देणं वेगळं आणि हात धरून दवाखान्यात ओढत नेणं वेगळं. आणि त्या वैद्याकडून दर माणशी काही हिशेब ठरलेला असेल, तर ते आणखीच वेगळं.

ही रेघ नेमकी कुठे ओढायची, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात जुना आहे आणि तो बायकांच्याच घरात उभा राहिलेला आहे. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आठवा. ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलेलं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती, १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून पुण्यात केवढं वादळ झालं! 'केसरी'नं झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

दार लावून घ्यायला रमाबाई तयार नव्हत्या. आपल्याच खोलीत आपल्याच देवाची प्रार्थना करताना दाराला कडी लावायची म्हणजे चोरी केल्यासारखंच की. आणि दार उघडं ठेवलं म्हणजे आत ओढलं, असंही होत नाही. याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. चार वर्षं रमाबाईंच्या सावलीत राहिली, उघडं दार रोज बघितलं, आणि त्याच १८९३ साली तिनं धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. हिंदूच राहिली. आपण तिला आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखतो. म्हाताऱ्या वयात 'माझे पुराण' लिहिलं ते याच बायांनी. दार उघडं असूनही आत न येणारी माणसं असतात, आणि ती तितकीच आपली असतात, याला याहून चांगला पुरावा कोणता?

पुढे केडगावच्या मुक्ती सदनाची गोष्ट वेगळी झाली. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी शेकडो उपाशी मुली-बायका उचलून आणल्या. तिथल्या पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. त्या पोरींना 'नाही' म्हणता येत होतं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. रमाबाईंविषयी अपार आदर असूनही जात नाही. पण लगेच दुसरा विचार येतो की ज्यांनी टीका केली त्यांतले किती जण त्या रस्त्यावर पोरी उचलायला गेले होते?

आणि आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचलंच असेल, निदान त्यातला एखादा धडा शाळेत होता. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. काव्याच्या, धर्माच्या गप्पा झाल्या, उतरताना त्यानं नव्या कराराची प्रत हातात दिली. बस. ना पाठलाग, ना रकाना. टिळक पुढची दोन वर्षं स्वतःच वाचत, झगडत राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सुवार्ता सांगणाऱ्यानं कसं वागावं याचा नमुना म्हणून आमच्याकडे ही गोष्ट नेहमी सांगतात.

मला मात्र त्या गोष्टीत लक्ष्मीबाई दिसतात. नवऱ्यानं एवढं मोठं पाऊल उचललं ते त्यांना विश्वासात न घेता. त्यांच्यावर आभाळच कोसळलं. कितीतरी वर्षं दोघं वेगळी राहिली. संत म्हणा, कवी म्हणा, पण बायकोपासून लपवलेली श्रद्धा ही मला कधीच पटलेली नाही, आणि हे मी चर्चमध्येही बोलून दाखवलंय. टिळकांचं मोठेपण पुढे दिसतं. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा सोवळं-ओवळं सगळं घेऊन आल्या, वेगळं पाणी, वेगळा स्वयंपाक. टिळकांनी ते चालू दिलं. घाई केली नाही. देवानं काही माणसांना जाती नेमून दिलेल्या नाहीत, हे लक्ष्मीबाईंना त्यांचं त्यांनाच विचार करून उमगलं. मगच त्या ख्रिस्ती झाल्या. म्हणून तर ते पुस्तक एवढं खरं वाटतं.

आता माझं. गेल्या काही वर्षांत मी माझ्यापुरतं एक ठरवून टाकलंय. ज्याला मला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्यापुढे मी माझा धर्म काढत नाही. मी शाळेत शिकवते. वर्गातली पोरं बाई म्हणतील ते खरं मानतात, म्हणून वर्गात येशू नाही. नाताळाला केक नेते तो शिक्षकांच्या खोलीत. माझ्याकडे भांडी घासायला येते तिच्यापुढे नाही, तिचा पगार माझ्या हातात आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून तर नाहीच नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर आमच्या पाळकसाहेबांचं आणि माझं दर वर्षी एकदा तरी वाजतं. ते म्हणतात, "बाई, दुखण्यातच माणूस देवाला हाक मारतो. तुम्ही तिथेच गप्प बसणार?" त्यांचं म्हणणं वावगं नाही. पण मी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी इस्लामपुऱ्यातली एक बाई कुणाकडून तरी नाव ऐकून माझ्याकडे आली. कडेवर तीन वर्षांचं पोर, तापानं फणफणलेलं. "आपके यहाँ दुआ से ठीक होता है, ऐसा बोलते," म्हणाली. त्या क्षणी मी काहीही सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं. मी चप्पल घातली, रिक्षा केली आणि तिच्याबरोबर डॉक्टरकडे गेले. टायफॉइड निघाला. पोर बरं झालं ते औषधानं. रिक्षात तिनं पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "दुआ मी घरी जाऊन करीन, तू तुझी कर." केलीसुद्धा. भिंतींवर 'आंधळे पाहतील, लंगडे चालतील' अशी सभेची पोस्टर लावणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. हिंदूंना येतो त्याहून जास्त, कारण ते नाव माझ्या देवाचं वापरतात. ती बाई अजून ईदला शीरखुर्मा पाठवते. धर्माबद्दल आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही.

मग सांगते कधी? विचारलं तर. आणि खरं सांगू, बायका विचारतात. मी हळदीकुंकवाला जाते, वाण घेते, गजरा घेते, कुंकू लावून घेत नाही. यजमान होते तेव्हाही नव्हते लावत. कुणीतरी विचारतंच, "का हो?" मग दोन वाक्यांत सांगते. ऐकणारीला आणखी ऐकायचं असेल तर ती तिळगुळाची वाटी घेऊन जवळ सरकते, नसेल तर "अगंबाई, चहा राहिला" म्हणून उठते. दोन्ही मला चालतं. फक्त त्या उठून गेलेल्या बाईशी दुसऱ्या दिवशी मी काल होते तशीच राहिले पाहिजे. खरी परीक्षा तिथे असते आणि ती मी दर वेळी पास होते असं नाही.

कायद्याचं थोडं सांगायला हवं, कारण हल्ली चर्चा फार आणि माहिती कमी. घटनेच्या २५ व्या कलमानं प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टेनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. काही ख्रिस्ती मंडळींना हा निकाल टोचतो. मला तो रास्त वाटतो. दुसऱ्याचं मन बदलणं हा माझा हक्क असूच कसा शकतो? ते मन त्याचं. पण उलट बाजूही सांगते. 'आमिष' हा शब्द आपण फार सहज वापरतो. अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्याचा अनुसूचित जातीचा दर्जाच जातो. पोराची शिष्यवृत्ती, नोकरीतली राखीव जागा, सगळं. असं असताना चार किलो तांदळासाठी लोक धर्म बदलतात असं म्हणणं म्हणजे गरीब माणसाला अक्कलच नाही असं म्हणणं. आणि २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही होतो सुमारे १० लाख ८० हजार. शेकडा एकसुद्धा नाही. दोनशे वर्षांच्या मिशनऱ्यांनंतर!

तरी संशय असतो. एका डिसेंबरात आमची पोरं गिटार आणि टाळ घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरत होती, आणि तीही फक्त ख्रिस्ती घरांपुढे. चार जणांनी अडवलं, "परवानगी आहे का?" पोरं घाबरून परत आली. धाकट्याला मी गरम दूध दिलं तर ते त्याच्या हातातून सांडलं. त्या रात्री मला ग्लॅडिस स्टेन्स आठवल्या. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचा नवरा आणि दोन लहान मुलगे गाडीत जाळून मारले गेले. त्या बाईनं क्षमा केली, आणि बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांसाठी आणखी काही वर्षं तिथेच राहिली. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला तेवढी क्षमा जमणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी तर त्या चौघांपैकी एकाला दुकानात पाहिलं तरी पाठ फिरवते.

तर तो कागद. मावशींच्या घरची माणसं बरी होऊन आली, स्टिकर निघालं, तेव्हा मी तो घेऊन त्यांच्याकडे गेले. हात थरथरत होते. म्हटलं, "तुम्ही विचारलं होतं ना, त्याचं अर्धं उत्तर राहिलं होतं." मावशींनी चष्मा लावला, कागद उलटसुलट करून वाचला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माय वं! तिसरी? माझ्या आधीच्या दोन कोण?"

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. पण त्यांना लागलंच होतं. जाताना त्या म्हणाल्या, "हे फाडू नको. तुझ्यापाशी राहू दे." का म्हणाल्या ते मी विचारलं नाही. कागद अजून तिथेच आहे.

गेल्या वर्षी मात्र खरा पेच पडला. मावशींची सून, शिकलेली, सत्तावीस वर्षांची, दुपारी एकटीच आली. इकडचं तिकडचं बोलली आणि उठताना म्हणाली, "काकू, तुमचं बायबल द्याल का थोडे दिवस? घरी सांगू नका." शिबिरातल्या त्या मुलीला, म्हणजे १९९८ मधल्या मला, हे ऐकून आनंदानं नाचावंसं वाटलं असतं. मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं. ती सज्ञान आहे. काय वाचावं हे तिनं कुणाला विचारायची गरज नाही. तिच्या सासूची परवानगी मागणारी मी कोण? पण कपाटात साड्यांखाली लपवलेलं माझं पुस्तक एक दिवस मावशींच्या हाती लागलं, तर वीस-बावीस वर्षांच्या शेजाराचं काय, आणि त्याहून, त्या पोरीचं त्या घरात काय?

मी म्हटलं, "लपवून न्यायला देणार नाही. पण ते माझ्या पुढच्या खोलीत टेबलावरच असतं. दुपारी तीननंतर मी घरी असते, दार उघडंच असतं. घरी सांगायचं की नाही ते तू ठरव. मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." तिचा चेहरा पडला. मी भित्री आहे असं तिला वाटलं असणार. पाळकसाहेबांनाही तसंच वाटलं. "दारात आलेल्या तहानलेल्याला घागर दाखवून पाठवलीत," म्हणाले. असेलही. त्या रात्री मीही स्वतःला बरंच बोलून घेतलं.

दहा-बारा दिवस ती फिरकली नाही. मग एका गुरुवारी सव्वातीनला आली. तिनं घरी सांगितलं होतं. कसं सांगितलं, काय झालं, काही बोलली नाही, डोळे मात्र सुजलेले होते. टेबलाशी बसली आणि लूकच्या शुभवर्तमानापासून वाचायला लागली. मी आत स्वयंपाकघरात गेले, मुद्दाम.

पाचेक मिनिटांनी फाटक वाजलं. मावशी. हातात मटारच्या शेंगांची पिशवी आणि ताट. माझ्याकडे बघितलं नाही, सुनेकडेही नाही. उंबऱ्याजवळ, आमच्याकडे पाठ करून बसल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. सून वाचायची थांबली.

"काय झालं?" मावशी रस्त्याकडेच बघत म्हणाल्या. "वाच ना. मला ऐकू येईल इतपत मोठ्यानं वाच."